परसातले लिंबू आणि दादाचे कोपर

वांगणी म्हटले की मुंबईकडच्या माणसाला कर्जतच्या वाटेवरचे रेल्वे स्टेशन आठवते. आमची वांगणी ती नव्हे. ही जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातली. २०१४ साली ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा आमचा जिल्हा बदलला, घर मात्र होते तिथेच राहिले. सखल जागी भात, उतारावर नागली आणि वरई, आणि दिवाळी सरली की निम्मे गाव वीटभट्ट्यांच्या वाटेला. मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो. आता निवृत्त होऊन थोरल्या भावाच्या जोडीने शेती पाहतो. घरामागे आईने लावलेले कागदी लिंबाचे झाड आहे. त्या झाडापायी माझ्या शहाणपणाची जी फजिती झाली ती आज सांगायला बसलो आहे. फजिती माझी झाली, भोगले मात्र दादाने.

दादाच्या कोपरांवर पहिल्यांदा चट्टे उठले तेव्हा कोणी लक्ष दिले नाही. शेतकऱ्याचे कोपर, खरखरीत असायचेच. पुढे गुडघ्यांवर उठले, कमरेच्या खाली उठले, डोक्यात कोंडा साचून टोपीतून पडू लागला. लालसर जागा, कड स्पष्ट, आणि वर चांदीच्या वर्खासारखे पांढरे पापुद्रे. सकाळी वहिनी घोंगडी झटकायची तेव्हा अंगणात ते पापुद्रे उडताना दिसायचे. वहिनी काही बोलत नसे, पण झटकायला ती घराच्या मागल्या बाजूला जाऊ लागली, पुढच्या अंगणात नाही.

नावे तर किती ठेवली लोकांनी! कोणी म्हणे इसब, कोणी गजकर्ण, कोणी म्हणे नागाचे काही राहिले आहे. आणि एक नाव असे होते की ते कोणी तोंडावर घेत नसे, पण दादा पारावर बसला की शेजारचा माणूस बिडी पेटवायच्या निमित्ताने उठून दुसरीकडे जाऊन बसे. महारोग. दादाला हे कळत होते. कोणी सांगायच्या आधीच त्याने स्वतःची थाळी आणि तांब्या वेगळा केला. आम्ही सगळे चुलीपुढे बसत असू आणि तो ओटीवर. वहिनीने खूप विनवले. तो म्हणाला, "पोरं आहेत घरात."

धाकट्या पुतणीला तेव्हा एक स्थळ आले होते. पाहुणे आले, बसले, बोलणे चांगले चालले होते. दादाने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि सदऱ्याची बाही वर सरकली. चहा कपांत तसाच राहिला. साय धरली त्याच्यावर. निरोप आला तो मुलगी सावळी आहे म्हणून नको असा. आमच्याकडे सावळे कोण नाही?

पण दादाला सगळ्यांत जास्त लागले ते बोहाड्याचे. आमच्या भागात चैत्र-वैशाखात बोहाडा होतो हे वाचकांना ठाऊक असेलच. टेंभ्यांच्या उजेडात, संबळ-सनईच्या तालावर देवादिकांची आणि राक्षसांची सोंगे रात्रभर नाचतात. मुखवटे कोणाचे लाकडाचे, कोणाचे कागदाच्या लगद्याचे. आमच्या घराकडे रावण. मुखवटा जड, एकट्याच्या मानेला रात्रभर पेलवत नाही, म्हणून एक फेरी दादाची आणि पुढची शेजारच्या घरातल्या तरुण पोराची. २०१८ च्या वैशाखात बोहाड्याला पंधरा-वीस दिवस उरले असताना ते पोर आले आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरीत म्हणाले, "काका, या साली मला जमणार नाही. पाठीत भरलंय." दादाने फक्त "बरं" म्हटले. पाठीत भरलेले ते पोर दुसऱ्याच दिवशी डोक्यावर कवळाचा भारा घेऊन जाताना आम्ही दोघांनीही पाहिले. मुखवटा दादाच्या डोक्याला घासतो, आतून त्याचा घाम लागतो, मग तोच आपण कसा चढवायचा, हा खरा प्रश्न होता.

तोवर औषधे झाली नव्हती असे नाही. एका दुकानातून नळीतले मलम आणले होते. लावले की आठ दिवसांत चट्टा मावळे, थांबवले की दुप्पट होऊन येई. दोन वर्षे लावून मांडीची कातडी कांद्याच्या पातीसारखी पातळ झाली. त्यात स्टिरॉइड होते हे मागाहून कळले. असली मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम सरकारने २०१८ सालीच कडक केला. आम्ही त्याच्या आधीचे गिऱ्हाईक.

अशा वेळी माझ्या हाती ते कात्रण आले. भट्टीवरून आलेल्या एका पाहुण्याने सुपारी बांधून आणलेला कागद होता तो. मास्तरची सवय, छापलेले दिसले की वाचायचे. त्यात सोरायसिस नावाच्या त्वचारोगावर युरोपात नव्या गोळीला मान्यता मिळाल्याची बातमी होती, आणि तिच्यात 'सायट्रिक आम्ल' हे शब्द होते. सोरायसिसचे वर्णन दादाच्या कोपराशी हुबेहूब जुळत होते. सायट्रिक आम्ल म्हणजे लिंबाचा आंबटपणा हे मी मुलांना शिकवलेले. झाले! मला वाटले, औषध परसात टांगलेले आहे आणि आम्ही दुकानांच्या पायऱ्या झिजवतो आहोत.

त्या शब्दांच्या पुढे आणखी एक शब्द होता. मला तो अडला आणि मी तो ओलांडून पुढे गेलो. तो शब्द कोणता, ते पुढे येईल.

मी लिंबे तोडली, दोन-दोन फोडी केल्या आणि दादाला सांगितले की सकाळ-संध्याकाळ सालीसकट घासायचे. रस कमी पडेल म्हणून वाण्याकडून लिंबूसत्त्वाची पुडीही आणली आणि वाटीत पाण्यात कालवून दिली. दादा निमूट बसला. झोंबले असणार, पण त्याने ओठ आवळून धरले. मी म्हणालो, "झोंबतंय म्हणजे लागू पडतंय." त्याने मान हलवली आणि तसाच उघड्या अंगाने राब भाजायच्या कामाला शेतात गेला. वैशाखाचे ऊन, दुपारचे बारा, वर आगीची धग.

दुसऱ्या दिवशी हात लाल झाले. तिसऱ्या दिवशी फोड आले. कोपरापासून मनगटापर्यंत जिथे जिथे रसाचा ओघळ गेला होता तिथे तिथे फोडांची रांग, कोणी आसुडाने मारल्यासारखी. रात्री तो ओटीवर हात वर धरून बसून राहिला, टेकवता येईनात. मी जवळ गेलो तर म्हणाला, "तू मास्तर, म्हणून लावलं." रागाने नव्हे, समजूत घातल्यासारखे म्हणाला. ते वाक्य मला अजून रात्री-अपरात्री ऐकू येते.

जव्हारच्या सरकारी दवाखान्यात नेले, तिथून चिठ्ठी घेऊन नाशिकला कातडीच्या डॉक्टरांकडे. त्र्यंबकच्या रस्त्याने एसटीत दादा खिडकीशी बसला होता, हातांवर ओले फडके. शेजारची जागा मोकळी होती, तिथे मी बसलो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल? दादाचा हात आपल्या हातात घेतला. हातमोजा न घालता. मग डोळे मिटायला सांगून कापसाची बारीक वात चट्ट्याला लावली आणि विचारले, "लागतंय का?" दादा म्हणाला, "गुदगुल्या होतात." बाई म्हणाल्या, "मग हा कुष्ठरोग नाही. त्याचा चट्टा बधिर असतो. आणि असता, तरी घाबरायचं कारण नव्हतं. त्याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि तो बरा होतो." मग त्यांनी एक पापुद्रा नखाने हलकेच खरवडला. खाली टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे दोन थेंब आले. "हा सोरायसिस. हा लागट नाही. तुमच्या थाळीत जेवल्याने, तुमचा सदरा घातल्याने, तुमच्या शेजारी झोपल्याने कोणाला होत नाही."

दादाने विचारले, "मुखवटा घातल्याने?"

बाईंना कळले नाही. मी समजावून सांगितले. त्या हसल्या नाहीत. "मुखवट्यानेही नाही," म्हणाल्या.

मग त्यांनी जे सांगितले ते मला आवणीच्या भाषेत समजले. आपल्या कातडीत खालच्या थरात नवी रोपे तयार होत असतात. ती वाढत वर यायला आणि जुनी होऊन झडून जायला सुमारे महिना लागतो. सोरायसिसमध्ये अंगाच्या राखणदार पेशी बिथरतात आणि नसलेल्या शत्रूवर धावून जातात. त्यांच्या धावपळीने खालची वाढ इतकी जोरात सुटते की तीन ते पाच दिवसांतच रोपे वर येतात. पाच दिवसांचे भाताचे रोप उपटून लावले तर कसले पीक? कच्चा माल थरावर थर साचतो, तेच पापुद्रे. हा प्रकार काही घराण्यांत जास्त दिसतो, पण बापाला आहे म्हणून मुलीला होईलच असे नाही.

लिंबाचे ऐकून मात्र त्यांनी कपाळाला हात लावला. "सालीसकट? आणि उन्हात?" आपल्या कागदी लिंबाच्या सालीत फ्युरोकुमारिन जातीची द्रव्ये असतात. ती अंगाला लागली आणि वर कडक ऊन पडले की कातडी भाजते. फोड लगेच येत नाहीत, दोन-तीन दिवसांनी येतात, म्हणून दोष लिंबाचा हे कोणाच्या ध्यानात येत नाही. बरे झाल्यावरही काळे डाग महिनोन् महिने राहतात. त्यातून सोरायसिसच्या माणसाला आणखी एक फेरा असतो. त्याच्या कातडीला जिथे जखम होते, ओरखडा पडतो, भाजते, तिथे नवा चट्टा उगवू शकतो. तसेच झाले. महिन्याभराने दादाच्या हातावर त्या ओघळांच्याच रेघांवर चट्टे उठले. माझ्या मूर्खपणाची रेघोटी त्याच्या अंगावर.

गंमत अशी की त्याच जातीचे द्रव्य बावचीच्या बियांत असते. कोडावर बावची लावतात हे आपल्या जुन्या वैद्यांना ठाऊकच होते. मोजून मापून ते पोटात द्यायचे आणि ठरावीक दिव्याखाली ठरावीक मिनिटे अंग धरायचे, असा सोरायसिसवरचा उपचार अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९७४ साली जगापुढे मांडला. म्हणजे जे माझ्या हातून झाले तेच, पण तोलून. तराजू नसला की औषधाचे काय होते ते आम्ही पाहिले.

आंबटाचेही तसेच. आपण माती तपासायला देतो तेव्हा पत्रिकेवर सामू लिहून येतो. साताच्या खाली आम्ल, वर अल्क. माणसाच्या कातडीचाही सामू असतो, पाचाच्या आसपास. म्हणजे निरोगी कातडी जराशी आंबटच असते आणि तीच तिची राखण. म्हणून कपडे धुण्याच्या साबणाने अंग घासू नये. पण लिंबाच्या रसाचा सामू दोनाच्या जवळ. एक अंक खाली म्हणजे आंबटपणा दहापट. पाचावरून दोनावर म्हणजे हजारपट! फुटक्या कातडीवर मी हजारपट आंबट ओतले आणि वर म्हणालो, लागू पडतेय.

आता त्या न वाचलेल्या शब्दाकडे येतो.

पुतणी तेव्हा विज्ञान शाखेत शिकत होती. सुट्टीत घरी आली, वडिलांचे हात पाहिले, माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने ते कात्रण मागून घेतले, वाचले आणि माझ्यासमोर धरले. "काका, इथे सायट्रिक आम्ल नाही लिहिलेलं. सायट्रिक आम्ल-चक्र लिहिलंय."

चक्र. हा तो शब्द.

तिने मला जे शिकवले ते मी इथे माझ्या मगदुराप्रमाणे मांडतो. शील नावाच्या स्वीडनमधल्या औषधविक्याने १७८४ साली लिंबाच्या रसातून सायट्रिक आम्लाचे खडे वेगळे काढले. बाजारातले आजचे लिंबूसत्त्व मात्र बहुतेक लिंबातून येतच नाही. साठवणीतल्या कांद्यावर जी काळी बुरशी धरते ना, त्याच बुरशीला साखरेवर किंवा मळीवर वाढवून ते काढतात. जेम्स करी नावाच्या माणसाने १९१७ साली ही युक्ती दाखवली. पुडी आणायला जाताना मला वाटले होते मी लिंबाचा अर्क आणतोय!

पण खरी नवलाई पुढे आहे. हे आम्ल आपल्या अंगातच सतत तयार होत असते. हान्स क्रेब्स हा जर्मनीतला ज्यू डॉक्टर. हिटलरच्या राजवटीत १९३३ साली नोकरी गेली, म्हणून इंग्लंडला आला. तिथे शेफील्ड गावी १९३७ साली कबुतराच्या छातीचे मांस बारीक करून त्याने शोधून काढले की खाल्लेले अन्न पेशीत जळते ते एका चक्रातून. पहिल्या पायरीला सायट्रिक आम्ल बनते, मग त्याचे दुसरे, दुसऱ्याचे तिसरे, असे करत फिरून पुन्हा पहिल्यापाशी येते, आणि फिरता फिरता अंगाला शक्ती देते. रहाटासारखे. एक गाडगे रिते होते, दुसरे भरून वर येते. हा शोध त्याने एका नामांकित साप्ताहिकाकडे पाठवला तर त्यांनी जागा नाही म्हणून घेतला नाही. (संपादकांनी राग मानू नये.) १९५३ साली त्याच कामाला नोबेल पारितोषिक मिळाले.

या रहाटाच्या एका गाडग्याचे नाव फ्युमॅरिक आम्ल. श्वेकेनडीक नावाचा एक जर्मन रसायनशास्त्रज्ञ होता. त्याला स्वतःला सोरायसिस होता. त्याने विचार केला, माझ्या अंगातले हे चक्रच कुठेतरी अडले असेल, फ्युमॅरिक आम्ल कमी पडत असेल. नुसते आम्ल पोटातून नीट शोषले जात नाही, म्हणून त्याने त्याची एस्टर नावाची रूपे तयार करून स्वतःच घेतली. चट्टे कमी झाले. १९५९ साली त्याने ते छापून प्रसिद्ध केले.

त्याचा चक्र अडल्याचा अंदाज पुढे सिद्ध झाला नाही. औषध लागू पडले ते वेगळ्याच कारणाने, त्या बिथरलेल्या राखणदार पेशींना ते शांत करते म्हणून. चुकीच्या वाटेने जाऊन माणूस बरोबर गावी पोचला. माझ्याशी त्याची तुलना करायचा मोह मला होतो, पण त्याने आधी स्वतःच्या अंगावर करून पाहिले आणि मी भावाच्या, एवढा फरक आहेच. शिवाय तो छापून गप्प बसला नाही, आणि दुसरेही बसले नाहीत. पुष्कळ वर्षे तपासण्या चालल्या, किती द्यायचे, कोणाला द्यायचे नाही हे ठरले, १९९४ साली जर्मनीत गोळीला मान्यता मिळाली आणि २०१७ साली डायमिथाइल फ्युमरेट या नावाने सबंध युरोपात. तीच माझ्या कात्रणातली बातमी. १९५९ ते २०१७, अठ्ठावन्न वर्षे. मी ते काम एका सकाळी उरकायला निघालो होतो.

आणि एवढे होऊनही ते औषध साधे नाही. पोटात कळा येतात, जुलाब होतात, तोंड लालबुंद होते, पांढऱ्या पेशी फार घटल्या तर जिवाला धोका, म्हणून वरचेवर रक्त तपासावे लागते. बाहेरून तर त्याची गोष्ट निराळीच आहे. २००८च्या सुमारास युरोपात शेकडो माणसांच्या पाठी-मांड्यांवर भाजल्यासारखे इसब उठले. शोध घेतला तर चीनहून आलेल्या सोफ्यांत बुरशी लागू नये म्हणून पुड्या ठेवलेल्या होत्या, आणि पुड्यांत काय? हेच डायमिथाइल फ्युमरेट! बसलेल्या माणसाच्या उबेने त्याची वाफ कापडातून अंगाला लागत होती. २००९ साली युरोपात असल्या वस्तूंत ते वापरायला बंदी झाली. पोटातून मापाने दिले तर सोरायसिस शमवते, कातडीला लागले तर नवे इसब उठवते. पुतणीने हे वाचून दाखवले तेव्हा दादा ओटीवरून म्हणाला, "म्हणजे त्यांच्याकडेही मास्तर आहेत." घरात कितीतरी दिवसांनी हसणे झाले.

२०१८ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट प्रसिद्ध केली. सायट्रिक आम्लापासून दोन पायऱ्यांवर इटॅकॉनिक नावाचे आम्ल आहे. दाह पेटला की अंगातल्या काही पेशी ते स्वतःच तयार करतात, आग आवरायला. त्याचेच एक रूप उंदरांना दिले तेव्हा त्यांच्या कानांवरचा सोरायसिससारखा दाह कमी झाला. उंदराचे कान आणि दादाचे कोपर यांत अजून बरेच अंतर आहे. पण दिशा पाहा: जो तो शोधतो आहे तो त्या रहाटाच्या आत. लिंबाच्या फोडीत कोणी शोधत नाही.

फ्युमॅरिक आम्लाला नाव मिळाले ते फ्युमारिया नावाच्या रोपावरून, आणि त्याच कुळीतले एक रोप आपल्याकडे पित्तपापडा म्हणून वैदूच्या झोळीत असते. हे कळताच माझे हात पुन्हा शिवशिवले होते, खोटे कशाला सांगू! पुतणीने नुसते पाहिले माझ्याकडे. पित्तपापडा या नावाखाली निरनिराळी रोपे विकली जातात, आणि पाल्यात किती काय आहे ते डोळ्यांनी मोजता येत नाही. मी गप्प बसलो.

दादाला ती युरोपातली गोळी दिलेली नाही. त्याला मेथोट्रेक्झेट देतात, जुने औषध आहे. त्याबद्दल एक गोष्ट मी घरोघर सांगत असतो, इथेही सांगतो: ती गोळी आठवड्यातून एकच दिवस घ्यायची. रोज घेतली तर माणूस दगावू शकतो. आमचा वार बाजाराचा, म्हणजे विसर पडत नाही. वहिनी पिशवी काढते आणि गोळी पुढे ठेवते. या औषधावर यकृत तपासत राहावे लागते, दारू चालत नाही, आणि बाळंतपण व्हायचे आहे त्या बाईने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घ्यायचेच नाही. दादाला मोहाची सोडावी लागली. पहिल्या होळीला तो फार कासावीस झाला. अंगाला वंगण हवे म्हणून आंघोळीनंतर अंग ओले आहे तोच खोबरेल चोळतो. थंडीत चट्टे वाढतात, पावसाळ्यात उतरतात. गेले असे नाहीत. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले होते, हा आवरतो, मुळासकट जात नाही. "मुळासकट घालवतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका," हेही.

थाळीचे सांगायचे राहिले. नाशिकहून आलो त्या रात्री वहिनीने दादाची वेगळी थाळी उचलली आणि सगळ्यांच्या थाळ्यांत मिसळून टाकली. कोणती कोणाची ते कळेनासे झाले. दादा ओटीवर बसून राहिला होता. वहिनी म्हणाली, "येता का, की मी पण तिथे बसू?"

पुतणीला पुढे दुसरे स्थळ आले तेव्हा तिनेच आम्हाला बजावले की बाही खाली ओढायची नाही. पाहुणे बसल्याबरोबर तिने स्वतः सांगितले, माझ्या वडिलांना सोरायसिस आहे, लागट नाही, मला होईल की नाही ते कोणी सांगू शकत नाही. मला घाम फुटला. मुलाची आई जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "माझ्या सासूबाईंना होतं हे. आम्ही त्यांना गोठ्यात झोपवत होतो." आणि डोळ्यांना पदर लावला. ते लग्न झाले.

२०१९च्या बोहाड्याला दादाने सोंग घेतले नाही, टेंभा धरला. नंतरची दोन वर्षे कोरोनात गेली. २०२२ साली पुन्हा संबळ वाजला. दादाने मुखवटा उतरवून पुसला, रंगाचे दोन हात दिले आणि चढवला. मी कडेला उभा होतो. एक फेरी झाली, दुसरी सुरू झाली, दादाची मान कलू लागली होती. तेवढ्यात ते शेजारचे पोर, आता दोन लेकरांचा बाप झालेले, गर्दीतून पुढे आले. "काका, द्या. माझी फेरी." त्याने दोन्ही हातांनी मुखवटा दादाच्या डोक्यावरून उचलला. आतली गादी घामाने निथळत होती. टेंभ्याच्या उजेडात दादाच्या कोपरावरचा चट्टा स्पष्ट दिसत होता आणि पोराचा हात त्यालाच टेकलेला होता. त्याने मुखवटा तसाच आपल्या डोक्यावर चढवला, नाडी आवळली आणि संबळवाल्याला हाक दिली.